वाचलेल्या वेताळाची किंमत

मागच्या पोस्टमध्ये लिग्निनबद्दल लिहिलं होतं. गच्चीवर राहिलेलं वर्तमानपत्र चार दिवसांत पिवळं का पडतं, वगैरे. त्यानंतर ओळखीच्या तीन-चार जणांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला: घरी जुनी इंद्रजाल कॉमिक्स आहेत, ती जपायची कशी, आणि विकली तर किती येतील? पहिलं अर्धं माझ्या विषयातलं आहे, कारण मी कागदातल्या सेल्युलोजवरच काम करते. दुसरं अर्धं माझ्या विषयातलं नाही. पण आज भांडण त्याच्याशीच आहे, म्हणून सुरुवात तिथून.

जुन्या कॉमिक्सचा बाजार खऱ्या अर्थाने अमेरिकेत आहे. १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ ची, म्हणजे ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला त्या दहा सेंटच्या अंकाची, एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ही बातमी फिरते आणि मग लोक माळ्यावर चढतात. या बाजाराचे नियम काय आहेत ते समजायला मला सगळ्यात उपयोगी वाटतात ती तिथली मोठ्या आकाराची कॉमिक्स. त्यांना ‘ट्रेझरी एडिशन’ म्हणतात.

नेहमीच्या अंकाच्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळ, साधारण दहा बाय साडेतेरा इंच. डीसी कंपनीने १९७२ पासून ती काढली, मार्व्हलने १९७४ पासून. बऱ्याच अंकांत नवीन काहीच नव्हतं. जुन्याच गोष्टी, फक्त मोठ्या छापलेल्या. काही मात्र खास होते. १९७६ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एका अंकात आणले, किंमत दोन डॉलर. १९७८ मध्ये सुपरमॅन विरुद्ध मुहम्मद अली, चित्रं नील ॲडम्सची. आता पन्नाशी-साठीत असलेले अमेरिकन लोक या अंकांबद्दल बोलताना हमखास एक गोष्ट सांगतात: जमिनीवर पालथं पडून वाचायचो. हातात धरून वाचणं मुलांना जमतच नसे. पान उघडलं की समोर दुसरं काही दिसत नसे.

मला हे पटतं. आकार हा वाचनाचाच भाग असतो. आपल्याकडे दिवाळी अंक मांडीवर घेऊन वाचलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

पण या मालिकेतल्या एका अंकाची हकिकत माझ्या जास्त आवडीची आहे. १९७४ मध्ये डीसीने ‘ॲक्शन कॉमिक्स’ १ चं जसंच्या तसं पुनर्मुद्रण ट्रेझरी आकारात केलं. आतली पानं तीच, जाहिराती त्याच, मुखपृष्ठही तेच. त्याच्यावर जाड कागदाचं आणखी एक आवरण होतं आणि हे पुनर्मुद्रण आहे हे त्या आवरणावर लिहिलेलं होतं. मग काही हुशार लोकांनी आवरण काढून टाकलं आणि आतला अंक मूळ १९३८ चा म्हणून विकायला काढला. आजही नवख्यांना त्याबद्दल सावध करतात. ही फसवणूक पकडायला प्रयोगशाळा लागत नाही, शाळेची पट्टी पुरते. मूळ अंक पावणेआठ बाय साडेदहा इंचांच्या आसपास आहे, हा त्याहून बराच मोठा. म्हणजे गोष्ट तीच, चित्रं तीच, छपाई मोठी आणि जास्त टिकाऊ. तरी एकाची किंमत लाखो डॉलर आणि दुसऱ्याची एखाद्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणाइतकी. तेव्हा बाजार ज्याचे पैसे मोजतो ती गोष्टही नाही आणि चित्रंही नाहीत, हे एवढ्यावरून दिसतं.

मग कशाचे मोजतो? एक, दुर्मिळपणाचे. आणि दोन, त्या प्रतीला कुणी हात न लावल्याचे.

दुर्मिळपणाचं पटकन उरकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मुलांनी ढिगांनी रद्दी गोळा करून दिली, त्यात कॉमिक्स गेली. आयांनी फेकली ती वेगळीच. उरली ती महाग झाली. १९९० च्या सुमाराला लोकांनी हे उलट्या बाजूने करून पाहिलं, म्हणजे महाग होणार म्हणून आधीच जपून ठेवली. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ च्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. खूप जणांनी पिशवीत घालून ठेवल्या. आज त्या कुणाला नको आहेत, कारण सगळ्यांकडे आहेत. तो फुगा फुटला आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे एवढंच.

हात न लावण्याचा भाग जास्त विचित्र आहे. २००० पासून तिकडे प्रतींना गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. तुम्ही अंक पाठवायचा, ते तपासून १० पैकी गुण देणार आणि पारदर्शक प्लास्टिकच्या कठीण डबीत कायमचा बंद करून परत पाठवणार. डबी फोडली की गुण रद्द. म्हणजे ज्या अंकाचे गुण उत्तम तो वाचता येत नाही. कोपरा दुमडला, गुण कमी. पाठीवर घडी, गुण कमी. आत कुणी नाव लिहिलं, कूपन कापलं, तर विचारूच नका. याचं सगळ्यात क्रूर उदाहरण म्हणजे नोव्हेंबर १९७४ चा ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक १८१. वुल्व्हरिन या पात्राचं पहिलं पूर्ण दर्शन त्यात आहे, त्यामुळे भाव भरपूर. त्या वर्षी मार्व्हलने पत्रांच्या पानावर एक छोटं तिकीट छापलं होतं आणि मुलांना सांगितलं होतं की ही तिकिटं कापा आणि गोळा करा. ज्या मुलांनी सांगितल्याप्रमाणे केलं त्यांच्या प्रतीची किंमत आज कितीतरी पटींनी उतरलेली आहे. वाचकाने प्रकाशकाचं ऐकलं, म्हणजे अंक ज्यासाठी काढला होता ते केलं, आणि बाजाराच्या लेखी माल खराब झाला.

ट्रेझरी अंकांचं असंच. आकारामुळे ते दुकानाच्या नेहमीच्या मांडणीत मावायचे नाहीत, वाकायचे. घरी कॉमिक्सच्या खोक्यात बसायचे नाहीत, म्हणून दुमडून ठेवले जायचे. आज धड कोपऱ्यांची प्रत विरळा, आणि म्हणून महाग. ज्या मोठेपणामुळे मुलं त्यांच्या प्रेमात पडली त्याच मोठेपणाने ते अंक ‘बिघडले’.

इथे माझ्या विषयातली एक गंमत सांगते. कागद किती जुना झाला, किती जीव राहिलाय, हे तपासायची आमची एक जुनी पद्धत म्हणजे कागदाची पट्टी पुन्हा पुन्हा दुमडून तो कितव्या घडीला तुटतो ते मोजायचं. आमच्या लेखी चांगला कागद म्हणजे घडी सोसणारा कागद. संग्राहकाच्या लेखी चांगला कागद म्हणजे ज्याला घडी पडलीच नाही तो. एका प्लास्टिकच्या डबीत ९.८ गुणांचा अंक असेल आणि आतला कागद इतका ठिसूळ असेल की उघडताना कोपरा हातात येईल, हे अगदी शक्य आहे. गुण देणारे पानांचा पिवळेपणा पाहतात खरे. पण ताकद मोजायची तर कागद तोडावा लागतो, आणि तो कोण तोडू देणार?

आता थोडं रसायन. थोडंच, कंटाळू नका.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. प्रत्येक साखळीत ग्लुकोजचे शेकडो, चांगल्या कापसाच्या कागदात हजारो मणी. ओलावा आणि आम्ल एकत्र आले की ही साखळी मधूनच तुटते. साखळीची सरासरी लांबी काही शे मण्यांच्या खाली, साधारण दोन-अडीचशेपर्यंत आली की कागद बोटात चुरा होतो. स्वस्त कॉमिक्सचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. लाकूड यंत्राने दळून केलेला लगदा, त्यात लिग्निन तसंच राहिलेलं, आणि शाई फुटू नये म्हणून तुरटीच्या जातीचं आम्लधर्मी रसायन. म्हणजे आम्ल जन्मापासूनच आत. शिवाय साखळ्या तुटताना आणखी आम्लं तयार होतात, आणि ती आणखी साखळ्या तोडतात. तापमान पाच अंशांनी उतरवलं तर कागदाचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, असं आम्ही धरतो. उलटही खरं.

जुन्या पुस्तकाचा तो वास, ज्याबद्दल सगळे हळवे होतात, तो याच मोडतोडीचा आहे. लिग्निन तुटताना व्हॅनिलीन निघतं, सेल्युलोजमधून फर्फ्युरल. २००९ मध्ये मतिया स्ट्रलिच आणि सहकाऱ्यांनी यावरच शोधनिबंध लिहिला. पानातून बाहेर पडणारे वायू मोजले की पुस्तकाची तब्येत कळते, पान न तोडता. मला हा निबंध फार आवडतो. स्मरणरंजनाला इतकं अचूक मापात बसवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. नाक खुपसून ‘अहाहा’ म्हणताना तुम्ही त्या अंकाचे तुटलेले तुकडे हुंगत असता.

हे सगळं आता कर्जतला आणते, कारण मी तिथली आहे आणि माझ्या मामाची ट्रंक तिथे आहे.

कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, पापड सादळतात, आणि कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो. मे महिन्यात पारा चाळिशीला. म्हणजे आम्लाने साखळी तोडायला जे जे लागतं ते सगळं आमच्याकडे आळीपाळीने मिळतं. स्टेपलची तार गंजते आणि लोह कागदाला आणखी खातं, म्हणून जुन्या अंकाच्या मधल्या पानाला तारेभोवती तपकिरी भोक पडलेलं दिसतं. कसर आणि वाळवी वेगळी. कर्जतमधला १९६५ सालचा अंक जर आज धड असेल तर त्याला कुणीतरी मुद्दाम सांभाळलेलं आहे.

मामा रेल्वेत होता. कर्जतला घाटासाठी मागे बँकर इंजिन लावायला गाड्या थांबतात हे सगळ्यांना माहीत आहे. बहुतेकांना त्यातला वडा आठवतो. मामाला स्टेशनवरचा पुस्तकांचा स्टॉल आठवतो. गाडी थांबलेली, इंजिन लागेपर्यंत वेळ, खिडकीतून हात बाहेर काढून लोक मासिकं घेत. स्टॉलवाल्याशी ओळख असल्याने मामाला इंद्रजाल उभ्याने फुकट वाचायला मिळे, पगार झाला की एखादा विकत. ते अंक मग आळीत फिरत. सुट्टीत चुलत-मावस भावंडं आली की दिवसाला पाच पैसे भाडं घेऊन तो धंदाही करी. प्रत्येक अंकावर निळ्या शाईत त्याचं नाव, क्रमांक, आणि ‘परत करणे’. ट्रंकेत मराठी अंक तीसेक उरलेत. आणखी होते. ते कपाटाच्या खालच्या फळीवर होते आणि २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात आली. मुखपृष्ठाच्या गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. तो ओला होऊन सुकला की पानं एकमेकांना सिमेंटसारखी चिकटतात. त्या फळीची मामाने वीट करून ठेवली आहे. टाकवत नाही म्हणतो.

बाजाराच्या हिशोबाने या तीस अंकांना गुण किती? नाव लिहिलेलं, शिक्का मारलेला, कोपरे दुमडलेले, दोनांना सेलोटेप. दीड, दोन. पैसे करायचे तर विसरून जा.

आणि माझं म्हणणं हे आहे की वाङ्मयाच्या हिशोबाने हे गुण उलटे हवेत.

इंद्रजाल हे मुळात कधी ‘मूळ’ नव्हतंच. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये ते सुरू केलं. पहिल्या अंकात ली फॉकचा फँटम. सुरुवातीचे तीसेक अंक फक्त फँटमचे, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी. हे सगळं अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटी असं आलेलं. फँटम तिथे १९३६ पासून चालू होता. ते कापून, चौकटी लहान-मोठ्या करून, गोष्टी आखडून इथल्या अंकाच्या ठरावीक पानांत बसवलं जाई. अमेरिकेत जुनी गोष्ट फुगवून ट्रेझरी केली, आपण तीच गोष्ट छाटून खिशात बसवली. चित्रकलेच्या रसिकाला या छाटणीचा राग येतो आणि तो राग योग्य आहे. बऱ्याच अंकांत चौकटीतलं आकाशच गेलेलं आहे.

पण भाषेत काय झालं ते बघा. इंग्रजीतला फँटम म्हणजे चालतं-फिरतं भूत. मराठीत तो वेताळ झाला. हे नुसतं भाषांतर नाही. एक वेताळ आपल्याला वेताळ पंचविशीतला माहीत आहे, झाडाला लटकणारा, कोडी घालणारा. दुसरा त्याहून जवळचा: तळकोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. तो रात्री शिवेवरून फेरी मारतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. आता यात तो मुखवट्यातला माणूस बसवून पाहा. रात्री फिरणारा, कुणाला चेहरा न दिसणारा, मरत नाही असं लोक मानतात असा, हद्द राखणारा. ली फॉकला हे काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मराठी नावाने त्या पात्राला एक असा भूतकाळ दिला जो इंग्रजी प्रतीत नाही. मामाची आजी, म्हणजे माझी पणजी, अंकाचं नाव ऐकून पोरांना म्हणायची की संध्याकाळी त्याचं नाव काढू नका. इंग्रजी फँटमबद्दल कोणती आजी असं म्हणेल?

हा मराठी वेताळ फक्त मराठी प्रतींत आहे. चित्रं कुठेही मिळतील. फँटमच्या मूळ पट्ट्यांचे देखणे संग्रह परदेशात निघालेले आहेत. पण मराठीत कुठला संवाद कसा केला, शिवी कशी गाळली, दर्यावर्दी चाच्यांना काय म्हटलं, हे पाहायचं तर तो अंकच हवा.

आता दुसरी बाजू, कारण हळवेपणाने लिहायचं तर मामाच लिहील.

इंद्रजालने काही बदल जाणूनबुजून केले. मूळ गोष्टीतला देश बेंगाला. बंगालशी नाव जुळतं म्हणून तो डेंकाली झाला. पहिल्या फँटमच्या बापाला मारणारे चाचे मूळात ‘सिंग’ टोळीचे. ते ‘सिंगा’ झाले, म्हणजे कुणाच्या भावना दुखायला नकोत. ठीक. पण त्या जंगलातली माणसं? बुटके, विषारी बाण मारणारे, एका गोऱ्या कुटुंबाची एकवीस पिढ्या चाकरी करणारे, आणि आपसातली भांडणं सोडवायला त्याचीच वाट पाहणारे. हे तसंच राहिलं. संपादकांनी शहरी भारतीय वाचकाला टोचेल ते काढलं, आदिवासीला टोचेल ते काढलं नाही, कारण तो वाचक आहे असं त्यांनी धरलंच नव्हतं.

कर्जत-खालापुरात ही गोष्ट दूरच्या आफ्रिकेची नाही. स्टेशनवरून अर्धा तास कुठल्याही दिशेला गेलात तर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी नावातच कात आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही माणसं. जंगलाचे कायदे आले आणि तो धंदा हातचा गेला. आज सरकारदरबारी महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांत त्यांची नोंद आहे. मामा सांगतो की आळीत अंक वाचून झाल्यावर जो खेळ व्हायचा त्यात वाडीवरून लाकूडफाटा विकायला येणाऱ्या पोराला कायम ‘जंगली’ व्हावं लागे. हे तो हसत सांगतो. मला हसू येत नाही, आणि हे मी त्याला सांगितलंही आहे.

आणि याच डोंगरांत, वेताळ येण्याच्या फक्त एकवीस वर्षं आधी, खरोखरीचा जंगलात लपून लढणारा माणूस होऊन गेला होता. माथेरानचे भाई कोतवाल. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळीबारात गेले. त्यांची गोष्ट माहीत असलेल्या पोरांनीही कमरेला दोन पिस्तुलं लावलेला गोरा निवडला. पोरांना दोष देत नाही. रंगीत चित्रं एकाचीच होती.

इंद्रजालने पुढे थोडी दुरुस्ती केली. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूचा मुलगा, गावकऱ्यांना स्वतःचं संरक्षण करायला शिकवणारा. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. इंद्रजालची सुरुवातीची कितीतरी मुखपृष्ठंही त्यांचीच, आणि ती मला आतल्या अमेरिकन चित्रांपेक्षा कधीकधी जास्त जिवंत वाटतात. बहादूरमध्ये निदान लोक स्वतः काहीतरी करतात. पण स्मरणरंजनाच्या गप्पांत बहादूर एका वाक्यात उरकतो आणि वेताळाच्या कवटीच्या अंगठीवर तासभर जातो. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

म्हणून मला जुन्या अंकांच्या भावाची चर्चा खटकते. विकणारा प्रत कोरी असल्याचं सांगतो, आणि अभ्यासाला नेमकी कोरी नसलेली प्रत लागते. मामाच्या ट्रंकेतल्या एका अंकात वेताळाला हाक मारणाऱ्या त्या बुटक्याच्या डोक्यावर कुणीतरी पेन्सिलीने आळीतल्या एका पोराचं नाव लिहिलंय. एका अंकाच्या मागे भाड्याचा हिशोब आहे, सहा नावं, त्यात दोन मुली. मराठी मुली इंद्रजाल वाचत होत्या का, याचा मला मिळालेला हा एकमेव लेखी पुरावा आहे आणि तो एका ‘खराब’ प्रतीवर आहे. प्लास्टिकच्या डबीतली प्रत वाचकाबद्दल एकच माहिती देते, की वाचक नव्हता.

संग्राहक नसते तर काहीच उरलं नसतं, असं यावर म्हणतात. बरोबर आहे. इंग्रजी आणि हिंदी इंद्रजालचा जो काही इतिहास आज लिहिता येतो तो पदरमोड करून अंक जमवणाऱ्या आणि पानं स्कॅन करणाऱ्या लोकांमुळे. पण संग्रह करणं वेगळं आणि भाव लावणं वेगळं. पहिल्यात अंक उघडावा लागतो.

मराठीत हे नीट करता येतं याचं उदाहरण समोर आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचायला ठेवले आहेत. इंद्रजालचं तसं सोपं नाही, कारण फँटम आणि मँड्रेकचे हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्सकडे, मराठी मजकूर टाइम्सने करून घेतलेला. हक्कांचा गुंता सुटेपर्यंत कागद थांबत नाही. कर्जत आणि खोपोलीत जुनी घरं पाडून बंगल्यांच्या वसाहती होताहेत, माळे रिकामे होताहेत, आणि रद्दी किलोवर जाते. रद्दीवाला मराठी की इंग्रजी ते बघत नाही.

तर जपायचं कसं? अंक पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकमध्ये घालू नका. त्यातून निघणारी रसायनं कागदाला वाईट. हवाबंदही करू नका, आतली आम्लं आतच राहतात. पॉलिएस्टरची पिशवी मिळाली तर उत्तम, नाहीतर आम्लरहित कागदात गुंडाळून आडवे ठेवा, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न लावता. पावसाळ्यात ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या गुलाबी झाल्या की बदला. सेलोटेप स्वतः ओढून काढू नका, सोबत चित्र येईल. गंजलेली स्टेपल मात्र मऊ हाताने, मागून पाय सरळ करून काढता येते. त्या जागी सुती दोरा. याने ‘गुण’ कमी होतात. होऊ द्या.

आणि त्याआधी फोनवर सगळ्या पानांचे फोटो काढा, मागचं कव्हर आणि पेन्सिलीच्या रेघांसकट. फ्लॅश नको, सकाळी खिडकीशी, पान सपाट ठेवून. मामाच्या तीसपैकी अकरा झालेत. बाकीचे दिवाळीच्या सुट्टीत.